बावीस वर्षे उशिरा पोहोचलेले पदक

१५ डिसेंबर १९७३ रोजी बांगलादेश सरकारने आपल्या मुक्तियुद्धातील वीरांची यादी राजपत्रात प्रसिद्ध केली. एकूण किताब ६७६. त्यांत सर्वोच्च असा 'वीर श्रेष्ठ' सात जणांना मिळाला आणि ते सातही जण रणांगणावर धारातीर्थी पडलेले होते. त्याखालोखाल 'वीर उत्तम' ६८, 'वीर विक्रम' १७५ आणि 'वीर प्रतीक' ४२६. आपल्याकडील परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही उतरंड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा क्रम समजायला अडचण पडणार नाही.

एवढ्या मोठ्या यादीत स्त्रिया फक्त दोन, आणि दोघीही 'वीर प्रतीक'. पहिल्या कॅप्टन सितारा बेगम. त्या सैन्यातील डॉक्टर होत्या. युद्धकाळात त्रिपुराच्या हद्दीत बांबू आणि गवताच्या छपराखाली उभारलेल्या बांगलादेश रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली. त्यांचा हुद्दा होता, सैन्याच्या दप्तरात नोंद होती, आणि सेक्टर दोनमधील गाजलेले अधिकारी मेजर हैदर हे त्यांचे सख्खे भाऊ होते. त्यांचा पत्ता शोधण्याची वेळ कोणावर आली नाही.

दुसरे नाव तारामन बिबी यांचे. या नावाची बाई कोण, कुठली, जिवंत आहे की नाही, हे ढाक्यात कोणालाही सांगता येत नव्हते. आणि ज्या बाईचे ते नाव होते, तिलाही आपण 'वीर प्रतीक' आहोत याचा पत्ता नव्हता. ही स्थिती एक-दोन नव्हे, तब्बल बावीस वर्षे टिकली.

शौर्याच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. ही कथाही शौर्याचीच आहे. पण शौर्य घडल्यानंतर त्याची नोंद कशी होते, नोंद झाली तरी माणूस कसा हरवतो आणि अखेर त्याला कोण शोधून काढतो, हा तिचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर तो मुद्दाम वाचण्याजोगा आहे.

भाषेपासून युद्धापर्यंत

१९४७ साली पाकिस्तान जन्माला आले ते दोन तुकड्यांत. त्यांच्यामध्ये हजार मैलांहून अधिक भारतभूमी. लोकसंख्येने पूर्वेचा तुकडा मोठा आणि त्याची भाषा बंगाली. असे असताना मार्च १९४८ मध्ये खुद्द जीनांनी ढाक्यात येऊन सांगितले की, राज्यभाषा एकच आणि ती उर्दू. याच प्रश्नावर २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सलाम, बरकत, रफिक, जब्बार ही त्या दिवसांतल्या हुतात्म्यांची नावे तिकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. युनेस्कोने १९९९ साली हाच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला.

भाषेच्या प्रश्नाची धग काय असते, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. १९५६ च्या जानेवारीतले दिवस पाहिलेली माणसे ज्या घरांत होती, त्या घरांना तर नाहीच नाही. तरी तुलना ताणू नये. आपला वाद लोकशाही राज्यातला. तो सभेत, निवडणुकीत आणि न्यायालयात मांडण्याची वाट आपल्यापुढे उघडी राहिली. पूर्व बंगालची ती वाट बंद झाली. डिसेंबर १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेतील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. संबंध पाकिस्तानात त्यांचे बहुमत झाले. ते मान्य करण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यावर रणगाडे घातले.

पुढची हकिगत आपल्या पिढीच्या आठवणीत आहे. जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ते तिकीट चिकटवणाऱ्या आपल्या गावोगावच्या माणसांना ज्या युद्धाची झळ पाच पैशांपुरती लागली, त्याच युद्धात एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी नदीच्या चिखलातून सरपटत होती.

ब्रह्मपुत्रेच्या काठी

एप्रिलमध्ये हंगामी सरकार स्थापन झाले आणि पुढे युद्धासाठी देशाचे अकरा सेक्टर पाडण्यात आले. त्यांतला अकरावा सेक्टर मेघालयातील गारो टेकड्यांच्या पायथ्याशी. त्याचे ठाणे महेंद्रगंज येथे होते आणि पुढे त्याची सूत्रे मेजर अबू ताहेर यांच्याकडे आली. पाकिस्तानी सैन्यातून निसटून आलेला हा धाडसी अधिकारी. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कामालपूरच्या लढाईत त्याने आपला पाय गमावला.

या सेक्टरचा पश्चिम भाग म्हणजे ब्रह्मपुत्रेचे पात्र. आपल्या घटप्रभा-मलप्रभा किंवा मांडवी-जुवारी पाहून त्या पात्राची कल्पना येणार नाही. पावसाळ्यात पलीकडचा काठ दिसत नाही. पात्रात वाळूची आणि गाळाची बेटे तयार होतात, त्यांवर वस्ती होते, शेती होते आणि चार-दोन पुरांनंतर ते बेट नदी गिळून टाकते. तिकडे अशा बेटांना 'चर' म्हणतात. कुरीग्राम जिल्ह्यातील राजीबपूर आणि रौमारी हा टापू या नदीच्या पूर्वेला. जिल्ह्याचे गाव नदीच्या पलीकडे आणि भारताची हद्द मात्र हाकेच्या अंतरावर. रौमारीचा बराचसा मुलूख युद्धभर मुक्तिवाहिनीच्याच ताब्यात राहिला, त्यालाही हेच कारण. पश्चिम काठावरच्या चिलमारीहून पाकिस्तानी सैन्याला इकडे यायचे तर नदी ओलांडावी लागे, आणि नदीवर नजर ठेवणारी माणसे काठावर बसलेली असत.

याच टापूतील शंकर माधवपूर हे तारामनचे गाव. बापाचे नाव अब्दुस सोभान, आईचे कुलसुम. घरची गरिबी. लढाईच्या वर्षी तिला चौदावे लागले असेल-नसेल.

स्वयंपाकासाठी आलेली मुलगी

मुक्तिवाहिनीच्या जवळच्या छावणीत मुहिब नावाचे एक हवालदार होते. छावणीत रांधणारे माणूस हवे होते. मुहिब हवालदारांनी तारामनला पाहिले आणि तिला पाठवावे म्हणून आईकडे शब्द टाकला. लढणाऱ्या पुरुषांच्या छावणीत वयात येणारी मुलगी पाठवायला कोणती आई राजी होईल? तेव्हा हवालदारांनी तिला धर्माची मुलगी मानले आणि मग आईने होकार दिला. मानलेल्या नात्याचा शब्द आपल्याकडेही रक्ताच्या नात्याइतकाच पाळला जातो. म्हणूनच ही गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

तारामनने स्वयंपाक केला, भांडी घासली, बंदुका पुसून ठेवल्या. पोरीचा धीटपणा आणि अंगातली ताकद पाहून मुहिब हवालदारांनी तिला त्या बंदुका चालवायलाही शिकवले. पण तिचा खरा उपयोग झाला तो हेरगिरीसाठी. शत्रूच्या तळापर्यंत तरुण पुरुष जाऊ शकत नव्हता. दिसताक्षणी त्याला गोळी घातली जाई. तारामन अंगाला चिखल-घाण फासून, केस पिंजारून, वेडीचे सोंग घेऊन जाई. कधी भिकारीण, कधी मुकी. शिपाई हसत, हुसकावून लावत, आणि ती तळावर किती माणसे, कुठे तोफा, कुठे पहारा, हे डोळ्यांत साठवून परत येई. परतीची वाट अनेकदा नदीतून, पोहत.

एका दुपारचा प्रसंग त्या पुढे आयुष्यभर सांगत असत. छावणीत जेवणे चालली होती. तिला सुपारीच्या झाडावर चढून नदीवर नजर ठेवायला सांगितले होते. तिने वरून पाहिले, तो पाकिस्तानी गनबोट छावणीच्या रोखाने येत होती. तिच्या हाकेसरशी ताटे तशीच टाकून सगळे मोर्चावर धावले. लढाई संध्याकाळपर्यंत चालली. त्या दिवशी तारामनही हातात शस्त्र घेऊन इतरांच्या बरोबरीने लढली, आणि शत्रूला परत जावे लागले. मोहनगंज, कोदालकाटी अशा आसपासच्या लढायांतही तिने भाग घेतला.

या कामाचे मोल काय, हे लष्करी दृष्टीने पाहिले पाहिजे. नदीच्या मुलखात बचाव करणाऱ्याची सारी भिस्त आगाऊ बातमीवर असते. बोट काठाला लागल्यावर कळले तर उशीर झालेला असतो. अर्धा तास आधी कळले तर मूठभर माणसेही तिला उतरू देत नाहीत. तो अर्धा तास मिळवून देणे हे तारामनचे काम होते.

जंगी पलटण त्याच मुलखात

याच अकराव्या सेक्टरमध्ये, तारामनच्या गावाच्या दक्षिणेला, आपल्या ओळखीची माणसे लढत होती. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याला नवे नाही. त्या रेजिमेंटची पहिली पलटण म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली 'जंगी पलटण'. १९७१ मध्ये ती लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ९५ माउंटन ब्रिगेडबरोबर मेघालयाच्या सीमेवरून खाली उतरली.

४ डिसेंबरला कामालपूर पडले. तेथील पाकिस्तानी ठाण्याकडे शरणागतीचे पत्र घेऊन पांढरे निशाण हाती धरून गेला तो बशीर अहमद नावाचा एक कोवळ्या वयाचा मुक्तियोद्धा. जंगी पलटणीने वळसा घालून ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन ढाक्याचा रस्ता रोखला. जमालपुरात ३१ बलुच पलटण कोंडली गेली. ब्रिगेडियर क्लेर यांचे शरणागतीचे पत्र सायकलवरून घेऊन गेला जहुरुल हक मुन्शी हा स्थानिक माणूस. त्याला बेदम मार बसला. बलुचांच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उलट टपाली पत्रातून बंदुकीची एक गोळी गुंडाळून पाठवली. लेखणी सोडून स्टेनगन हाती घ्या, असा त्या उत्तराचा मतितार्थ. १० डिसेंबरच्या रात्री बलुचांनी ढाक्याच्या दिशेने निसटण्यासाठी जंगी पलटणीच्या मोर्चांवर हल्ल्यामागून हल्ले केले. मराठ्यांनी मोर्चे सोडले नाहीत. सकाळी जमालपूर शरण आले. 'जमालपूर' हा रणसन्मान पलटणीच्या नावापुढे लागला आणि ब्रार यांना वीर चक्र मिळाले. पाचच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल अरोरा यांच्यापुढे शरणागतीवर सही केली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या हाती आले.

बशीर अहमद आणि मुन्शी या दोघांनाही पुढे 'वीर प्रतीक' मिळाले, मुन्शींना तर दोनदा. सांगण्याचा हेतू असा की, आपल्या पलटणीचा विजय हा वाटाड्यांच्या, निरोप्यांच्या आणि बातमी आणणाऱ्या पोरांच्या खांद्यावर उभा होता. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागांतून गेलेल्या जवानांच्या घरी जमालपूरचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्या नावाशेजारी अशा मुलांचीही आठवण असायला हवी.

नाव कागदावर, माणूस बेटावर

युद्ध संपले. लढणारे घरी गेले. तारामनही गेली. आपला देश झाला, एवढेच तिच्या लेखी पुरे होते. त्यानंतर दोनच वर्षांनी तिचे नाव राजपत्रात छापले गेले. म्हणजे कोणीतरी तिची शिफारस केली होती, कोणीतरी ती पुढे पाठवली होती आणि सरकारने ती मान्यही केली होती. शासनाच्या दप्तराचे काम तेवढ्यावर पूर्ण झाले. राजपत्र ढाक्यात निघाले. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडच्या चरावर ते पोहोचवणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

त्यानंतरचा काळही वाईट. ऑगस्ट १९७५ मध्ये शेख मुजीब यांची हत्या झाली. एकामागून एक लष्करी उठाव झाले. सेक्टर अकराचे नेतृत्व केलेले अबू ताहेर २१ जुलै १९७६ रोजी फासावर चढवले गेले. आपल्या हाताखालच्या लहानथोरांना पुढे आणील असा मोठा माणूसच नाहीसा झाला. मुक्तियुद्धाची उजळणी करणे पुढची बरीच वर्षे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे राहिले नाही. आणि पुरुषांच्या छावणीत राहिलेल्या मुलीने लग्नानंतर त्या दिवसांबद्दल गावात फारसे बोलू नये, हेही त्या समाजात समजण्यासारखेच. तारामनचे अब्दुल मजीद या शेतकऱ्याशी लग्न झाले, मुले झाली. संसार हातातोंडाचा. त्यातच क्षयाने गाठले.

१९९५ साली तिला शोधून काढले ते एका शिक्षकाने. मैमनसिंगच्या आनंदमोहन कॉलेजातील प्राध्यापक बिमल कांती दे हे त्या भागातील मुक्तियुद्धाच्या इतिहासाचा अभ्यास करीत होते. यादीत नाव आहे, तर माणूस असलाच पाहिजे, या सरळ विचाराने ते मागावर निघाले. राजीबपूर कॉलेजातील अध्यापक अब्दुस सबूर फारुकी यांनी स्थानिक चौकशी केली. अखेर एका झोपडीत खोकत बसलेली बाई सापडली. ढाक्याच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली, स्त्रियांच्या संघटनांनी तारामन बिबींना राजधानीत नेले, औषधोपचार सुरू झाले. १९ डिसेंबर १९९५ रोजी पंतप्रधान खालिदा झिया यांनी त्यांच्या हाती ते पदक दिले. किताब जाहीर होऊन बावीस वर्षे उलटून गेली होती.

पुढे तारामन बिबी तेवीस वर्षे जगल्या. त्यांना मान मिळाला, शाळांतून, सभांतून बोलावणी आली. १ डिसेंबर २०१८ रोजी, विजयाच्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी, त्यांचे राजीबपूरला निधन झाले. शासकीय इतमामाने दफन झाले. पण ज्या वयात माणसाला आधार हवा असतो, ती उमेदीची वर्षे हलाखीत गेली होती. पदक उशिरा आले तरी चालते, असे म्हणणाऱ्याने क्षयाच्या त्या वर्षांचा हिशेब मांडून पाहावा.

तरीही तारामन बिबींना नशीबवानच म्हटले पाहिजे. त्यांचे नाव निदान कागदावर होते. याच युद्धात सुनामगंज भागातील काकन बिबी या खासी जमातीत जन्मलेल्या स्त्रीने हेरगिरी केली, पकडली गेल्यावर अनन्वित छळ सोसला. त्यांच्या कामगिरीकडे देशाचे लक्ष गेले तेही नव्वदीच्या दशकातच. १९९६ नंतर त्यांनाही 'वीर प्रतीक' जाहीर झाले, पण राजपत्रात त्याची नोंद झालीच नाही. मार्च २०१८ मध्ये त्या गेल्या. एकीचे नाव छापले गेले आणि ती सापडत नव्हती. दुसरी समोर होती आणि तिचे नाव छापले गेले नाही.

आपल्या दप्तरातले कागद

हे परक्या देशातले म्हणून बाजूला ठेवता येईल का? मला तसे वाटत नाही. तारामन बिबी हरवल्या त्याची कारणे पाहा. राजधानीपासून दूरचा मुलूख, जिल्ह्याशी तुटलेला संबंध, गरिबी, बदलती राजवट, आणि लिहून ठेवणाऱ्याचा अभाव. यांतली निम्मी कारणे कोणत्याही सीमाभागाला लागू पडतात. आपल्याकडे त्यात दोन भाषांची भर. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका लिपीत, जमिनीच्या उताऱ्यावर दुसऱ्या लिपीत, आणि सैन्याच्या किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदावर इंग्रजीत तिसऱ्याच वळणाने लिहिलेले असते. आडनाव एकीकडे असते, दुसरीकडे गळते. हयात असेतो तो माणूस स्वतः हेलपाटे घालून ते नाव आपलेच आहे हे सिद्ध करतो. तो गेल्यावर तीन कागदांची तीन माणसे होतात, आणि इतिहासाला त्यांतले एकही सापडत नाही.

आपल्या गावांतून गोवा मुक्तीच्या १९५५ च्या सत्याग्रहाला गेलेले लोक होते. त्यांना रात्री भाकऱ्या बांधून देणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, निरोप पोहोचवणाऱ्या बाया आणि पोरे होती. पुढाऱ्यांची नावे पुस्तकांत आली. बाकीच्यांची कोणाच्या तरी आजीच्या बोलण्यात आहेत आणि त्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत.

मुख्याध्यापकाच्या नात्याने मी रोज शाळेचे जनरल रजिस्टर हाताळतो. गावातल्या तीन-तीन पिढ्यांची नावे, बापांची नावे, जन्मगावे, शाळा सोडल्याची कारणे त्यात शाईने लिहिलेली असतात. 'सैन्यात भरती' असा शेरा जिथे आढळतो, तिथून एखाद्या गावाचा लष्करी इतिहास सुरू करता येतो. त्याला ग्रामपंचायतीच्या नोंदी जोडाव्यात, गावातल्या स्मारकशिलेवरची नावे जोडावीत आणि मग वही घेऊन त्या त्या घरी जाऊन बसावे. नववी-दहावीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत हा अभ्यास देता येईल. मराठी, कानडी, कोकणी, ज्या भाषेत घरातले माणूस बोलेल त्याच भाषेत उतरवून घ्यावे, आणि नाव मात्र सर्व लिप्यांत शेजारी शेजारी लिहावे.

बिमल कांती दे यांच्याजवळ मोठी संस्था नव्हती की सरकारी हुकूम नव्हता. त्यांच्याजवळ एक छापील यादी होती आणि त्या यादीतल्या एका नावाविषयी आस्था होती. सहकाऱ्याला विचारत, नदी ओलांडत त्यांनी ते नाव तारामन बिबींच्या दारापर्यंत पोहोचवले. आपल्या शाळांतही याद्या आहेत. दारेही फार लांब नाहीत.